रंगमंचाकडून वर्गाकडे : पं. विनायकराव पटवर्धन

प्रास्ताविक

मराठी नाटकाच्या इतिहासात शिक्षकाची नोकरी सोडून रंगभूमीकडे गेलेली माणसे तुम्हांला सहज आठवतील. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि गोविंद बल्लाळ देवल हे दोघेही काही काळ बेळगावात शाळामास्तर होते. फळ्यासमोरून रंगमंचावर जाण्याची वाट त्या काळात चांगली मळलेली होती. उलट दिशेने, म्हणजे रंगमंचावरून वर्गात येणारे फारच थोडे. त्यातही नाव, पैसा आणि प्रेक्षकांची माया हे तिन्ही हाती असताना आलेले त्याहून थोडे. पंडित विनायक नारायण पटवर्धन, अर्थात विनायकबुवा, हे त्या थोड्यांतले. 1922 ते 1932 या काळात ते गंधर्व नाटक मंडळीत गायक-नट होते. 8 मे 1932 रोजी त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि पुढील त्रेचाळीस वर्षे त्यांची ओळख प्रामुख्याने शिक्षक अशीच राहिली.

प्रस्तुत घटकात या चरित्राकडे दोन प्रश्न मनाशी ठेवून पाहावयाचे आहे. पहिला, हा माणूस वर्गाकडे का वळला. दुसरा अधिक अवघड आहे : कलावंत शिक्षक झाला म्हणजे त्याच्यातील कलावंताचे काय होते. दोंडाईचा, शिंदखेडा, शहादा, नंदुरबार या भागातून आमच्या अभ्यासकेंद्रांवर येणाऱ्या विद्यार्थ्यांत नोकरी करून शिकणारे पुष्कळ असतात. त्यांत कुणी कीर्तनाला पेटीची साथ करतो, कुणी शाळेच्या स्नेहसंमेलनाची सारी जबाबदारी अंगावर घेतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरातील मूल गांधर्वच्या ‘प्रारंभिक’ किंवा ‘प्रवेशिका’ परीक्षेला बसलेही असेल. त्या परीक्षांमागची जी परंपरा आहे, तिच्या जडणघडणीत या चरित्रनायकाचा वाटा आहे. म्हणून हे चरित्र तुम्हांला वाटते तितके दूरचे नाही.

मिरज ते लाहोर

विनायकरावांचा जन्म 22 जुलै 1898 रोजी मिरजेत झाला. मिरज म्हटले की तंतुवाद्ये तयार करणारे कारागीर आठवतात. पण त्या काळातील मिरजेचे महत्त्व त्याहून मोठे आहे. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे वास्तव्य काही काळ या गावी होते. कुरुंदवाडहून आलेला विष्णू दिगंबर पलुस्कर हा मुलगा त्यांच्याकडे येथेच शिकला. लहानपणी फटाक्यांच्या अपघातात दृष्टी अधू झाल्यामुळे ज्याचे शालेय शिक्षण थांबले, त्या मुलाने पुढे संगीताची शाळा काढावी, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विनायकरावांना गाण्याचे पहिले धडे काका केशवराव पटवर्धन यांच्याकडून मिळाले. 1907 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, मिरज संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांना लाहोरला पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात पाठविण्यात आले. आज दोंडाईच्याहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलाच्या आईचा जीव खालीवर होतो. नऊ वर्षांच्या मुलाला मिरजेहून पंजाबात पाठविताना त्या घराला काय वाटले असेल याची कल्पना करावी. भाषा निराळी, हवा निराळी, अन्न निराळे.

लाहोरची ती संस्था समजून घेण्यासाठी आधीची पद्धत कशी होती हे पाहिले पाहिजे. गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी राहावे, पाणी भरावे, पडेल ते काम करावे आणि गुरूच्या मनाला येईल तेव्हा जे कानांवर पडेल ते टिपावे, अशी ती रीत होती. किती वर्षांत काय शिकविले जाईल याचा कोणताही करार नव्हता. खुद्द बाळकृष्णबुवांनी ही विद्या मिळविण्यासाठी दूरवरची पायपीट आणि अपार हाल सोसले होते. पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला विद्यालय काढले ते या रीतीला पर्याय म्हणून. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा, छापील पुस्तके आणि कोणाही सभ्य घरातील मुलामुलीने येऊन शिकावे असे वातावरण ही त्या संस्थेची वैशिष्ट्ये होत. राजाश्रयावर किंवा एखाद्या घराण्याच्या कृपेवर विसंबून न राहता लोकांच्या आधाराने चाललेली संगीतशाळा ही त्या काळात नवलाची गोष्ट होती.

या शाळेत एक ‘उपदेशक वर्ग’ होता. त्यातील विद्यार्थी संस्थेतच राहत, त्यांचा खर्च संस्था करी आणि बदल्यात त्यांनी अनेक वर्षे शिकून पुढे शिक्षक म्हणून काम करावे अशी अपेक्षा असे. ‘उपदेशक’ हा शब्द लक्षपूर्वक पाहा. गवई, गायक, कलावंत यांपैकी कोणताही शब्द पलुस्करांनी निवडला नाही. गाणारा घडवायचा तो शिकविणारा म्हणूनच, हा हेतू त्या शब्दात आहे. विनायकराव याच मुशीत वाढले आणि पुढे संस्थेच्या कामात शिकवूही लागले. तेव्हा त्यांनी 1932 मध्ये शाळा काढली ती कोऱ्या पाटीवर नव्हे. शिक्षक होण्यासाठी घडविला गेलेला एक तरुण मधली दहा वर्षे रंगभूमीवर गेला आणि परत आला, असे हे चरित्र वाचावे लागते. परत येणे हे पहिल्यांदा जाण्यापेक्षा कठीण असते. कारण आता मागे काय सोडतो आहोत याची पुरती जाणीव असते.

येथे भाषेच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे, असे आणखी एक स्थळ आहे. पलुस्करांनी गाणे लिहून ठेवण्यासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली. त्याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही एक पद्धती सिद्ध केली. दोन्हींना आधार देवनागरीचाच, पण खुणा वेगळ्या. पलुस्करांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील बिंदू मंद्र सप्तक दाखवितो, तर भातखंड्यांच्या पद्धतीत तोच बिंदू तार सप्तक दाखवितो. कोमल स्वरासाठी पलुस्कर हलंताचे चिन्ह वापरतात. व्यंजनातील स्वर काढून घेणारे व्याकरणातले चिन्ह येथे संगीतातला स्वर उतरविण्याच्या कामी आले. ज्या विद्येला तोपर्यंत लिपी नव्हती तिला लिपी मिळत होती, आणि कोणत्याही भाषेला पहिल्यांदा लिपी मिळते तेव्हा जे वाद होतात ते सारे येथेही झाले. लिहिलेले गाणे म्हणजे गाणे नव्हे, मींड आणि गमक कागदावर उतरत नाहीत, असे जुन्या गवयांचे म्हणणे होते. ते खरेच होते. पण आपल्या अहिराणीचेही सारे हेल देवनागरीत उतरत नाहीत, म्हणून अहिराणी लिहूच नये असे आपण म्हणत नाही.

पलुस्करांनी आणखी एक गोष्ट केली. सभ्य घरांतील मुलामुलींना शिकवायचे म्हणून अनेक बंदिशींतील शृंगारिक शब्द बाजूला ठेवून त्या जागी भक्तिपर शब्द बसविले. या निर्णयाबद्दल संगीतज्ञांत मतभेद आहेत. मला स्वतःला त्यात जुन्या शब्दकळेचे नुकसान झाले असे वाटते. परंतु त्या निर्णयाविना मध्यमवर्गीय घरांची दारे उघडली असती का, याविषयी मी साशंक आहे. तूर्त एवढेच ध्यानात असू द्या की, विनायकराव अशा शिस्तीत वाढले होते.

गंधर्व नाटक मंडळीतील दहा वर्षे

1922 मध्ये विनायकराव गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले. त्या वेळी ते तेवीस-चोवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी भास्करबुवा बखले यांचे निधन झाले. भास्करबुवांचे जीवन या घटकाच्या विषयाला फार जवळचे आहे. बालपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत नट, पुढे मोठे गवई, धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीताचे शिक्षक आणि 1911 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या भारत गायन समाजाचे संस्थापक, असा त्यांचा प्रवास होता. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. म्हणजे ज्या कंपनीत विनायकराव गेले तिच्या गाण्याचा पायाही एका शिक्षकानेच घातलेला होता.

गंधर्व नाटक मंडळीची स्थापना 1913 मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी केली. पुढे टेंबे आणि बोडस बाहेर पडले आणि मंडळी एकट्या बालगंधर्वांची झाली. त्यांचे बालपणीचे काही दिवस जळगावात गेले व तेथे मेहबूब खाँ यांच्याकडून त्यांना गाण्याचे प्रारंभिक शिक्षण मिळाले, हे खानदेशातील वाचकांना ठाऊक असेल. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे ते उगाच नव्हे. या मंडळीचे वैभव अनेकांनी वर्णिले आहे : भरजरी शालू, अत्तराचा घमघमाट, मखमली पडदे, तबल्याला अहमदजान थिरकवांसारखा उस्ताद. त्या वैभवाच्या मागे कर्जाचा डोंगर होता, हेही तितकेच प्रसिद्ध आहे.

अशा कंपनीत विनायकराव बालगंधर्वांच्या नायिकेसमोर नायक म्हणून उभे राहिले. हे काम किती कठीण असेल याचा विचार करा. सारे नाट्यगृह ज्या एका कंठासाठी आले आहे, त्या कंठासमोर आपले पद म्हणायचे आणि तेही फिके पडू न देता. ध्वनिवर्धक नव्हता. मागच्या बाकावरील चार आणेवाल्यापर्यंत शब्द पोहोचला पाहिजे. ‘वन्समोअर’ पडला की तेच पद पुन्हा, पण तसेच नव्हे. दुसऱ्या वेळी काही निराळे दिले नाही तर प्रेक्षक हिरमुसत. नाटक रात्री सुरू होई आणि पहाटेपर्यंत चाले. नंतर बिऱ्हाड हलवायचे, सामान रेल्वेत चढवायचे, पुढचे गाव गाठायचे. खानदेशातील गावेही नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांत असत. तापीकाठच्या सुरत–भुसावळ लोहमार्गामुळे आपला मुलूख या फिरत्या जगाच्या टप्प्यात आलेला होता.

जो मुलगा शृंगार गाळलेल्या बंदिशी शिकला, तो आता रोज रात्री प्रियकराच्या वेषात शृंगारपदे गात होता. पलुस्करांच्या संस्थेची शिस्त पाहता हा बदल त्या चौकटीत बसणारा नव्हता. विनायकरावांनी तो का पत्करला असेल? येथे चरित्राच्या अभ्यासकाने सावध राहावे. हेतू हा चरित्रातील सर्वांत निसरडा भाग असतो. घटना कागदपत्रांत सापडतात, हेतू बहुधा लेखक आपल्या पदरचे घालतो. परिस्थिती मात्र आपल्याला दिसते. पलुस्करांनी मुंबईत कर्ज काढून विद्यालयाची मोठी वास्तू उभारली होती, आणि 1920 नंतरच्या काही वर्षांत ती कर्जापायी हातची गेली. ज्या संस्थेवर या तरुण उपदेशकांचे भवितव्य अवलंबून होते तीच डळमळत होती. पलुस्कर स्वतः पुढे नाशिकला पंचवटीत रामनामाच्या आधाराने राहू लागले. अशा वेळी सुरेल गळ्याच्या, देखण्या तरुणाला राज्यातील सर्वांत नावाजलेली नाटक कंपनी बोलावते, तेव्हा त्याने जाणे अस्वाभाविक नव्हते. मोहाला बळी पडला, असे लिहिणाऱ्या चरित्रकाराशी मी सहमत होणार नाही.

रंगभूमीने त्यांना काय दिले, हाही प्रश्न विचारायला हवा. त्यांच्या मैफलीतील तराण्याची आणि लयीवरील हुकमतीची वाखाणणी नेहमी होते. हा पाया ग्वाल्हेर गायकीचा. पण थोडक्या वेळात रागाचे रूप उभे करणे, शब्द स्वच्छ उच्चारणे आणि समोरच्याचे लक्ष क्षणभरही सुटू न देणे या गोष्टी दहा वर्षांच्या रंगमंचाने पक्क्या केल्या नसतील तरच नवल. चाळीस मुलांच्या वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला यांहून अधिक उपयोगी शिदोरी कोणती असणार?

1931 आणि 1932

14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा बोलपट झळकला. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी माणसाने आपल्या भाषेत पडद्यावर गाणे ऐकले. संगीत नाटकांच्या कंपन्यांचा पाया हादरू लागला तो याच दोन वर्षांत. त्यामुळे कुणी असे म्हणू शकेल की, विनायकरावांनी नाटक सोडले ते बुडती नौका सोडण्यासारखे होते. त्यात त्याग कसला?

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु एक वस्तुस्थिती त्याच्या आड येते. विनायकरावांसाठी बोलपटाचे दार बंद नव्हते, ते उघडलेले होते. इंपीरियल फिल्म कंपनीच्या ‘माधुरी’ या 1932 च्या बोलपटात त्यांनी सुलोचना या त्या काळातील अत्यंत लोकप्रिय नटीबरोबर भूमिका केली होती. मूकपटांच्या जमान्यातील नटनट्यांना आवाज नव्हता आणि गाता येईल अशा चेहऱ्यांचा शोध सुरू होता. विनायकरावांकडे दोन्ही होते, शिवाय वय अवघे तेहेतीस. नौका बदलायची असती तर दुसरी नौका काठाला लागलेली होती. ते तीत बसले नाहीत.

मधल्या काळात एक घटना घडली होती. 21 ऑगस्ट 1931 रोजी पलुस्करांचे मिरजेत निधन झाले. त्यांच्या पश्चात दहा वर्षांचा मुलगा दत्तात्रय होता, आणि देशभर विखुरलेले शिष्य होते. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गात आणि शिकवीत होते, बी. आर. देवधरांनी मुंबईत 1925 मध्येच विद्यालय काढले होते. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास यांची नावे सर्वत्र होत होती. डिसेंबर 1931 मध्ये अहमदाबादला या शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. गुरूची मुंबईतील वास्तू गेली होती, पण शिकविण्याची पद्धत जावयास नको, हा या एकत्र येण्यामागील विचार होता. पाच महिन्यांनी, 8 मे 1932 रोजी, पुण्यात विनायकरावांचे विद्यालय सुरू झाले.

गुरूच्या मृत्यूने त्यांना परत आणले असे म्हणावे, तर कालक्रम त्याला दुजोरा देतो. तरी मी हे एकच कारण मानणार नाही. दहा वर्षांच्या फिरस्तीनंतर एका गावी स्थिर व्हावे असे तिशीतल्या संसारी माणसाला वाटले असेल. नाटकाच्या पदांत मावत नाही असे गाणे गळ्यात साचले असेल. माणूस सहसा एका कारणाने आयुष्य बदलत नाही. चरित्रे मात्र बहुधा एकच कारण सांगतात.

पुण्यातील विद्यालय

नट आणि शिक्षक यांच्या मिळकतीत किती अंतर असते हे तुम्हांला सांगायला नको. प्रतिष्ठेचा प्रश्नही होताच, आणि तो मोठा गमतीचा आहे. नाटकात काम करणाऱ्याला समाज टाळ्याही देई आणि नावेही ठेवी. त्याला मुलगी द्यायला घरे बिचकत. उलट ‘गायनमास्तर’ या शब्दाला सभ्यता होती, पण तो उच्चारताना थोडा तुच्छतेचा सूरही लागे. मास्तर म्हणजे ज्याला मैफल गाजविता आली नाही तो, असा एक समज गवयांच्या वर्तुळात होता आणि पुरता गेलेला नाही. ज्याने शेकडो रात्री नाट्यगृहे भरलेली पाहिली त्याने हा शिक्का कपाळी घ्यायला मनाची तयारी लागते.

विनायकबुवांनी तो समज आपल्यापुरता खोटा ठरविला, तो मैफल न सोडता. रंगमंच सोडला तरी गाणे त्यांनी सोडले नाही. देशभरच्या संगीत परिषदांतून ते गात राहिले. जालंदरच्या हरिवल्लभ संगीत मेळाव्याशी पलुस्करांचे नाते होते. ते विनायकबुवांनी पुढे चालविले. नारायणराव व्यास यांच्याबरोबरची त्यांची जुगलबंदी रसिकांच्या विशेष आवडीची होती. सकाळी बालवर्गाकडून अलंकार घोटून घ्यायचे आणि रात्री जाणकारांपुढे ख्याल मांडायचा, ही दुहेरी नोकरी त्यांनी दीर्घकाळ केली.

शिक्षकाला लागतात ती साधनेही त्यांनी स्वतः तयार केली. ‘राग विज्ञान’ ही त्यांची सात भागांची ग्रंथमाला विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरली. रागाची माहिती, त्यातील बंदिशी आणि त्यांचे स्वरलेखन असे तिचे स्वरूप आहे. लहान मुलांसाठी त्यांनी वेगळी पुस्तके लिहिली, गुरूंचे चरित्रही लिहिले. मी ‘राग विज्ञान’कडे भाषेचा अभ्यासक म्हणून पाहतो तेव्हा मला त्यात एक व्याकरणकार दिसतो. बोलणाऱ्याला व्याकरण लागत नाही; ते लागते परक्याला, नवख्याला. गवयाच्या घरात जन्मलेल्या मुलाला रागाचा आरोह-अवरोह पुस्तकात पाहावा लागत नसे. तो पाहावा लागला कारकुनाच्या मुलीला, दुकानदाराच्या मुलाला. ज्यांच्या घरी कुणी गात नव्हते अशांसाठी ही पुस्तके आहेत, हे विसरून त्यांच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल.

टीका झाली, आणि तीत तथ्यही होते. वर्गात वीस जण एकाच पट्टीत एकच बंदिश म्हणतात, तेव्हा ज्याचा गळा निराळा आहे त्याची कुचंबणा होते. परीक्षेसाठी राग पाठ केले जातात. पदविका हातात येते, पण स्वर हातात येतोच असे नाही. पलुस्करांपाशी या आक्षेपाचे उत्तर असे होते की, शाळेने थोर गवई निर्माण करण्यापेक्षा गाणे समजणारे हजारो कान तयार केले तरी तिचे काम झाले. हे उत्तर अर्धे समाधान करते. विनायकबुवांच्या विद्यालयातून दोन्ही निघाले, म्हणून त्यांचे उदाहरण मोलाचे ठरते.

सर्वांत मोठे नाव गुरुपुत्राचे. दत्तात्रय विष्णु पलुस्कर म्हणजेच डी. व्ही. पलुस्कर हे वडिलांच्या पश्चात नारायणराव व्यास आणि विनायकबुवा यांच्याकडे शिकले. गुरूकडून जे घेतले ते गुरूच्याच मुलाला परत करण्याची ही संधी किती शिक्षकांना मिळते? 1935 मध्ये चौदा वर्षांचा हा मुलगा जालंदरच्या मेळाव्यात गायला आणि श्रोत्यांनी त्याला उचलून धरले. पुढे त्याच्या भजनांनी आणि ख्यालांनी देश भारावला. 1952 च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबरची त्यांची जुगलबंदी आजही ऐकली जाते. लक्ष देऊन ऐकल्यास गुरू आणि शिष्य यांच्या गायनातला फरक तुम्हांला जाणवेल. विनायकबुवांचे गाणे जोरकस, लयीशी झुंजणारे. दत्तात्रयांचे मऊ, प्रसन्न, जणू काही श्रम पडतच नाहीत असे. वर्गातील शिक्षण सर्वांना एकाच साच्यात ओतते, या आक्षेपाला याहून चांगले उत्तर देता येणार नाही. ऑक्टोबर 1955 मध्ये डी. व्ही. पलुस्करांचे निधन झाले. ते अवघे चौतीस वर्षांचे होते. विनायकबुवा तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते, आणि त्यांच्यापुढे शिकविण्याची आणखी वीस वर्षे होती.

दुसरे नाव विनयचंद्र मौद्गल्य यांचे. ते विनायकबुवांचे शिष्य. त्यांनी 1939 मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि ते राजधानीतील महत्त्वाचे संगीतकेंद्र बनले. ओडिशातून आलेल्या सुनंदा पटनाईक यांनी पुण्यात विनायकबुवांकडे शिक्षण घेतले. तराण्याच्या त्यांच्या गायनात गुरूची छाप ओळखू येते. मिरजेचा मुलगा लाहोरला गेला, तेव्हा विद्या उत्तरेकडे शोधावी लागत होती. तीस-चाळीस वर्षांत ओडिशातील मुलगी ती शोधीत पुण्याला येऊ लागली.

‘तालीम’ या शब्दाविषयी

मराठीत आपण नाटकाची तालीम म्हणतो, पैलवानांची तालीम म्हणतो आणि गवयाने अमक्याकडून तालीम घेतली असेही म्हणतो. धुळ्या-जळगावच्या गल्लीत तालीम म्हणजे आखाडा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र सरळ ‘शिकविणे’ असा आहे. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, ‘मुअल्लिम’ म्हणजे शिक्षक हे त्याच धातूचे शब्द. रंगमंच आणि शाळा ही दोन टोके आपण मानतो, पण भाषेने ती एकाच शब्दात बांधून ठेवली आहेत. विनायकबुवांनी आयुष्यात तिन्हींचा अनुभव घेतला म्हटले तरी चालेल, कारण ग्वाल्हेर गायकीत दमसास कमावण्यासाठी जो रियाज लागतो तो आखाड्यातील मेहनतीहून कमी नसतो.

या शब्दाचा आणखी एक पदर आहे. नाटकाची तालीम प्रयोगासाठी असते. प्रयोग झाला की ती संपते. गाण्याच्या तालमीला अशी शेवटची रात्र नसते. विनायकबुवा नट होते तेव्हा तालमीनंतर प्रयोग, प्रयोगानंतर टाळ्या असा क्रम होता. शिक्षक झाल्यावर टाळ्या कधी वीस वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या मैफलीत पडायच्या. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत किंवा होऊ इच्छितात त्यांनी या फरकावर चार-सहा ओळींचे टिपण अवश्य लिहावे. त्यासाठी संगीत येण्याची आवश्यकता नाही.

उत्तरायुष्य

बालगंधर्व अखेरपर्यंत रंगभूमीला चिकटून राहिले. कर्ज, वार्धक्य, बदललेली अभिरुची यांना तोंड देत 1967 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्या निष्ठेला आपण कमी लेखू नये. एकाच रंगमंचावर एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या दोन कलावंतांच्या वाटा किती दूर गेल्या एवढेच येथे नोंदवायचे आहे.

विनायकबुवांना 1965 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1972 मध्ये ‘पद्मभूषण’ मिळाले. ज्या लाहोरला ते नऊ वर्षांचे असताना गेले, ते शहर 1947 नंतर परदेशात गेले होते. पुण्यातील विद्यालय चालत राहिले आणि आजही चालू आहे. 23 ऑगस्ट 1975 रोजी विनायकबुवांचे पुण्यात निधन झाले. गुरूंच्या पुण्यतिथीला तेव्हा दोन दिवस झाले होते.